भोंग्याचा मान

राइन नदीवर खोटं बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन्ही तीरांवर इतके किल्ले आहेत की खरा इतिहास सगळ्यांना पुरत नाही. मग ज्या बुरुजात कधीकाळी नुसतं जकातवाल्याच्या घोड्यांचं गवत पडलेलं असायचं, त्याच्याही वाट्याला एखादी रडणारी सरदारकन्या येते. ‘राइनश्वाल्बे’ या बोटीवर माइक हातात धरून हे काम नोर्बर्ट आइख करायचा, आणि झकास करायचा. गरिबांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळणाऱ्या बिशपला उंदरांनी मनोऱ्यात गाठून कसं खाल्लं, हे तो असं रंगवायचा की ऐकणाऱ्या बायका खुर्चीवर पाय वर घ्यायच्या. यात त्याला काही गैर वाटत नसे. बिशप काही तिकीट काढून तक्रार करायला येणार नव्हता.

अडचण होती ती मधल्या टप्प्याची. लोरेलीचा कडा गेला, तिथं वाजवायचं ते जुनं गाणं वाजवून झालं, मांजर आणि उंदीर अशी नावं पडलेले दोन किल्ले मागे पडले, की पुढे बराच वेळ नुसते डोंगर, रेल्वेचे रूळ आणि मधूनच एखादं गाव. किल्ला औषधालासुद्धा नाही. लोक जांभया द्यायला लागायचे, सॉसेज खायला खाली उतरायचे. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला जांभईइतका दुसरा अपमान नाही.

अशाच एका दुपारी डाव्या तीरावरच्या नीडरबाख गावात एक बाई खिडकीतून बोटीकडे पाहून पांढरा टेबलक्लॉथ हलवताना त्याला दिसली. नोर्बर्टने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाला, “मंडळी, ती खिडकी पाहा. तिचा नवरा वादळात या नदीत बुडाला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक बोटीला हात करते, तिला वाटतं एखाद्या बोटीतून तो उतरेल.” पायरीपर्यंत गेलेली माणसं परत फिरली. एका म्हातारीने डोळे पुसले. झालं. गोष्ट लागू पडली, आणि लागू पडलेली गोष्ट कुठला माणूस सोडतो?

पुढे तिला पालवी फुटत गेली. बाईचं डोकं थोडं फिरलंय, हे नोर्बर्टने दुसऱ्या वर्षी घातलं. त्यानंतर कप्तान यूप तिथं बोट जराशी मंदावून एक लांब भोंगा द्यायला लागला. बुडालेल्याच्या घरासमोरून जाताना भोंगा द्यायचा ही नदीची रीत आहे, आणि यूपला गोष्ट खरी वाटली होती. नोर्बर्टने त्याला काही सांगितलं नाही. कशाला सांगा? भोंग्याने बहार यायची. कुणी कुणी पाण्यात फुलं टाकायचे. ती बाईही दर उन्हाळ्यात खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या मांडून, केस नीटनेटके करून, टेबलक्लॉथ हलवत उभी असायची. नोर्बर्टला ती जवळजवळ आपल्याच पगारावर असल्यासारखी वाटायला लागली होती.

सप्टेंबरात, द्राक्षं काढायच्या दिवसांत, बाखाराखच्या धक्क्यावर नटूनथटून आलेला बायकांचा एक घोळका बोटीवर चढला. कुठल्याशा चर्चच्या महिला मंडळाची सहल होती. त्यांतली एक ठेंगणी, सत्तरी ओलांडलेली बाई हातात टोपलं घेऊन थेट नोर्बर्टसमोर येऊन उभी राहिली.

“माइकवाले साहेब तुम्हीच ना?”

“मीच. बोला बाई, किल्ला कुठला हवाय? सगळे आहेत माझ्याकडे.”

बाई हसल्या. “किल्ला नको. मी नीडरबाखची. हेडविग क्लासेन. ती खिडकीतली.”

नोर्बर्टने माइक खाली केला. एवढ्या जवळून त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. पाण्यावरून दिसायचा तो एक पांढरा कपडा आणि त्यामागे एक ठिपका. ठिपक्याला निळे डोळे होते, पुढचा एक दात सोन्याचा होता.

“इथं राहून जन्म गेला पण या बोटीत कधी बसले नाही बघा,” क्लासेनबाई म्हणाल्या. “आम्ही कुठले बसतोय! ही बोट पाहुण्यांची. पण औंदा मंडळाची सहल काढली तेव्हा मीच म्हटलं, आगगाडीने वर जाऊ आणि राइनश्वाल्बेने खाली येऊ. एकदा आपलं घर पाण्यावरून बघायचंय. आणि तुमचे आभार मानायचेत. हा घ्या, आलुबुखारचा केक. तुम्हाला आणि कप्तानसाहेबांना. आमच्या ह्यांनी दिलाय.”

“ह्यांनी म्हणजे?”

“म्हणजे काय? नवऱ्याने. भोंग्याबद्दल.”

नोर्बर्टला वाटलं आपण नीट ऐकलं नसेल. पण बाई बोलतच होत्या. त्यांचे हे हयातभर नदीवरच होते, कोळशाच्या बोटींवर खलाशी. मग पक्षाघाताने पाय गेले, आता चाकाच्या खुर्चीत असतात. खुर्ची ठेंगणी, म्हणून बोटीवरून दिसत नाहीत. पण ते रोज या बोटीच्या वेळेला खलाशाची टोपी घालून खिडकीखाली बसतात. जुन्या खलाशाच्या घरासमोरून जाताना भोंगा द्यायची रीतच आहे ना नदीवर. आता कोण पाळतं? सगळे नवे, घाईतले. पण ही एक बोट पाळते.

“पहिल्यांदा भोंगा झाला ना, त्या दिवशी ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाले, हेडविग, नदीने ठेवलंय मला ध्यानात. भोंगा झाला की हे टोपीला हात लावतात. तुम्हाला कुठून दिसणार! मीच आपली टेबलक्लॉथ हलवते, दोघांच्या वतीने.”

नोर्बर्टने केकचं टोपलं घेतलं. दुसरं काय करणार होता?

“आणि आज तर गंमतच आहे,” बाईंनी आवाज खाली आणला, सोळा वर्षांची पोर सांगते तसं. “शेजारचा मॅनफ्रेड येऊन ह्यांना खिडकीत उभं करणार आहे. दोन्ही बगलांत धरून. आज टेबलक्लॉथ ते हलवणार आणि मी बोटीतून बघणार! सकाळपासून दाढीबिढी करून बसलेत.”

क्लासेनबाई मैत्रिणींत जाऊन बसल्या आणि नोर्बर्ट टोपलं धरून तिथंच उभा राहिला. ज्याला त्याने रोज दुपारी, उन्हाळाभर, इतकी वर्षं बुडवलं, तो माणूस दाढी करून त्याच बोटीची वाट पाहत बसला होता. आणि ही बाई, जिला त्याने वेडी ठरवलं, ती त्याच्यासाठी केक घेऊन आली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. गोष्ट सांगायची नाही, एवढंच. भोंगा होईल, म्हातारा हात करेल, बाई खूश होतील, कुणाला काही कळणार नाही. पळपुट्याला पळवाट पटकन दिसते.

नदीच्या मधोमध उभा असलेला काउबचा जकातीचा किल्ला आला, नोर्बर्टने सांगितला. ओबरवेझेलचे बुरूज आले, तेही सांगितले. आज आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता. लोरेलीच्या कड्याशी गाणं सुरू झालं, महिला मंडळाने ताल धरला. गाणं चालू असताना त्याला बोलायचं काम नव्हतं. सांगायचं असेल तर हीच वेळ, असं म्हणून तो क्लासेनबाईंच्या टेबलाशी गेला.

“क्लासेनबाई, एक बोलायचं होतं.”

“बोला की. आधी हे घ्या,” म्हणून त्यांनी वाइनचा पेला पुढे केला. “एल्फ्रीडे, हेच ते साहेब, ह्यांच्यामुळेच भोंगा होतो!” टेबलावरच्या सगळ्या बायकांनी पेले उंचावले. “साहेबांच्या नावाने!” नोर्बर्टने पेला ओठाला लावला.

“काय बोलायचं होतं?”

“काही नाही. म्हटलं, इथं ऊन लागेल. उजवीकडे सावली आहे, तिकडे बसता का सगळ्या?”

“अहो, घर डावीकडे आहे आमचं!” बाई हसल्या, आणि सगळं टेबल हसलं.

मांजर किल्ला मागे पडला, उंदीर किल्ला मागे पडला. नोर्बर्टने माइक बंद करून खिशात घातला आणि नदीकडे पाहत उभा राहिला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून हाळी आली.

“ओ माइकवाले! आजीबाई विसरलात की काय?”

हा डेटलेफ. डोर्टमुंडकडच्या कुठल्याशा क्लबचा गडी. या क्लबची माणसं वर्षभर आठवड्याला एकदा लाकडी बाहुल्या चेंडूने पाडण्याचा खेळ खेळायची, बियर प्यायची, आणि दर सप्टेंबरात बायकांसकट राइनवर यायची. डेटलेफ मनाने चांगला होता. अशा माणसांचा आवाज मात्र नेहमीच मोठा असतो.

“आज नको,” नोर्बर्ट म्हणाला. “घसा बसलाय.”

“असं कसं! माझ्या मेव्हण्याला खास त्यासाठी आणलंय. बायकोने फुलं घेतलीयत. ऐकताय का मंडळी?”

“डेटलेफ, राहू दे. कृपा कर.”

“तू घसा सांभाळ, मी सांगतो. पाठ आहे मला!” आणि डेटलेफ खुर्चीवरून उठलाच.

त्याने गोष्ट नोर्बर्टपेक्षा चांगली सांगितली. त्याचा तिच्यावर विश्वास होता ना. वादळ आलं, नवरा दोर सोडवायला गेला, लाटेने ओढला. बायको किनाऱ्यावर उभी राहून पाहत होती. प्रेत मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पहिली बोट दिसली तशी तिने टेबलावरचं कापड ओढून हलवायला सुरुवात केली, ती आजपर्यंत. “लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. अजून दोन माणसांचं ताट वाढते. आता कप्तान भोंगा देईल. तो त्या बुडालेल्याच्या नावाने. सगळ्यांनी हात करा हं, तिला बरं वाटतं.”

दोन माणसांच्या ताटाचं नोर्बर्टने कधी म्हटलं नव्हतं. ते डेटलेफने आपल्या पदरचं घातलं होतं.

नोर्बर्टने क्लासेनबाईंकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. त्या हातात पेला धरून बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांना वाटलं असावं की गावातल्या दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे, कारण कुठली ही दुर्दैवी बाई म्हणून त्या मान वाकडी करून, दयेने ऐकत होत्या. मग टेबलक्लॉथ आला. मग भोंगा आला. पेला त्यांनी हळूच खाली ठेवला. एल्फ्रीडे काहीतरी म्हणायला गेली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला नाही, पांढराही झाला नाही. चोरी त्यांची पकडली गेली असावी तशा त्या खाली पाहत राहिल्या. शरम वाटायची कुणाला आणि वाटली कुणाला!

बोट मंदावली. वळणाआडून नीडरबाखचं चर्च आलं, धक्का आला, लाल कुंड्यांची खिडकी आली. यूपने भोंगा दिला, लांब, नेहमीसारखा. आणि खिडकीत एक म्हातारा उभा राहिला. डोक्यावर खलाशाची टोपी, मागून कुणीतरी बगलांत धरलेलं. त्याने आधी टोपीला हात लावला आणि मग टेबलक्लॉथ उघडून हलवायला लागला. वजन पेलत नव्हतं, कापड अर्धंअधिक भिंतीवर लोंबत होतं.

“हा कोण?” डेटलेफ म्हणाला. त्याच्या बायकोच्या हातातली फुलं हातातच राहिली.

क्लासेनबाई उठल्या. कठड्याशी गेल्या, गळ्यातला रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी जोरजोरात हलवायला लागल्या. हसत होत्या त्या. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि त्या खिडकीकडे पाहून हसत होत्या, कारण तो बघत होता. “दिसलात! दिसलात हो तुम्ही!” त्या ओरडल्या. एवढ्या लांब ते जाणार नव्हतं.

एकदा खिडकीकडे, एकदा बाईंकडे माना वळल्या. लोकांना हळूहळू उलगडा होत होता. आता माइक काढायचा आणि बोलायचं, नोर्बर्टने स्वतःला सांगितलं. गोष्ट खोटी आहे, माझी आहे, ह्या बाईंची माफी. तीन वाक्यं होती. त्याने माइक काढला, बटण दाबलं.

“नवरा सापडला!” डेटलेफ गरजला आणि त्याने टाळी मारली. “अरे वा रे वा! या वर्षी नाटकच बसवलंत की! बाई बोटीत, म्हातारा खिडकीत! आणि घसा बसल्याचं सोंग काय!”

हशा झाला. मग टाळ्या सुरू झाल्या, सगळ्या डेकवर, खालून लोक वर आले तेही वाजवायला लागले. कुणी क्लासेनबाईंना म्हणालं, “काय काम केलंत बाई! खरं पाणी काढलंत डोळ्यांतून!” कुणी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. खिडकी मागे जात होती आणि त्या रुमाल हलवत होत्या.

नोर्बर्टच्या तोंडाशी माइक होता. टाळ्या संपायची त्याने वाट पाहिली. टाळ्या संपल्या, सगळे त्याच्याकडे पाहायला लागले, आणि तो म्हणाला, “आता पुढे उजव्या हाताला, मंडळी, दोन भावांचे दोन किल्ले. एकमेकांचं तोंड नको म्हणून मध्ये त्यांनी भिंत घातली.”

पुढचं सगळं त्याने नेहमीसारखंच सांगितलं. एक शब्द चुकला नाही. याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटायची.

बोपार्डला महिला मंडळ उतरलं. इथून आगगाडीने त्या मागे गावाला जाणार होत्या. नोर्बर्ट उतरायच्या फळीच्या तोंडाशी उभा होता. एल्फ्रीडेने त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं, बाकीच्या बायकांनीही. क्लासेनबाई शेवटी आल्या आणि थांबल्या.

“क्लासेनबाई, मला खरंच माहीत नव्हतं ते आहेत म्हणून.”

“विचारायचं होतंत. बोपार्डहून गाडीने यायला कितीसा वेळ लागतो? दार उघडंच असतं आमचं.”

“मी उद्यापासून बंद करतो.”

“काय बंद करता? भोंगा?”

“गोष्ट.”

“आणि भोंगा?”

नोर्बर्टने वर यूपच्या सुकाणूकडे पाहिलं.

“बघा ना,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “बंद केलात तर ते विचारतील, हेडविग, का बंद झाला? चालू ठेवलात तर ते टोपीला हात लावतील आणि मी शेजारी उभी राहून बघेन. मला वेडी म्हणालात ते जाऊ द्या. गावात कुणाकुणाला म्हणतातच. पण जित्या माणसाला मारलंत कशाला? नवरा असलेली बाई गोष्टीत चालत नाही का?”

“चुकलं माझं.”

“आता घरी गेले की पहिला प्रश्न तोच येणार. बोटीवर आपल्याबद्दल काय सांगतात गं? आमचं लग्न होऊन आयुष्य गेलं, मी ह्यांच्याशी एकदाही खोटं बोललेले नाही. आज बोलेन.” त्यांनी टोपलं घ्यायला हात पुढे केला. “टोपलं शेजारणीचं आहे. केक असू द्या, ह्यांनी दिलाय.”

नोर्बर्टने केक कागदावर काढून टोपलं दिलं. मग म्हणाला, “त्यांचं नाव काय?”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “आत्ता विचारताय,” त्या म्हणाल्या. “आलोइस. आलोइस क्लासेन.” आणि स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.

वर यूप सुकाणूशी उभा होता. त्यालाही खिडकीतला माणूस दिसला होता, आणि पुढचं एल्फ्रीडेने उतरता उतरता त्याला चार शब्दांत ऐकवलं होतं. नोर्बर्ट आत आला तेव्हा त्याने मान वळवली नाही.

“मी रोज टोपी काढायचो रे तिथं.”

“गोष्ट होती, यूप. किल्ल्यांच्या काय खऱ्या असतात?”

“गोष्ट तुझी. भोंगा माझा होता.” त्याने सुकाणू फिरवलं. “नदीवर नांदलेला माणूस. टोपीला हात लावत होता आपल्या भोंग्याला, आणि आपण रोज त्याचं श्राद्ध घालून पुढे जात होतो. मला तोंड दाखवू नकोस आज.”

नोर्बर्ट खाली गेला. केक त्याने कुणाला दिला नाही, टाकलाही नाही. स्वयंपाकघराच्या मागे उभं राहून सगळा खाल्ला, गिळवत नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी उंदीर किल्ला मागे पडल्यावर त्याने माइक उघडला. “डाव्या हाताला नीडरबाख. त्या लाल कुंड्यांच्या खिडकीमागे आलोइस क्लासेन राहतात. हयातभर या नदीवर खलाशी होते. आपल्या बोटीचा भोंगा त्यांच्या मानाचा आहे.” एवढंच. रात्रभर घोकलं होतं ते.

“बुडाले का ते?” समोरच्या टेबलावरच्या बाईने विचारलं.

“नाही. घरी आहेत.”

“मग त्यांनी काय केलं?”

“खलाशी होते.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि सॉसेज आणायला खाली गेली. तिच्यामागून आणखी चारपाच जण गेले. कुणीतरी जांभई दिली.

बोट मंदावली. यूपने भोंगा दिला, कालच्यापेक्षाही लांब दिला. नोर्बर्ट कठड्याशी जाऊन उभा राहिला. खिडकी उघडी होती, कुंड्या जागच्या जागी होत्या. खुर्ची बहुधा उशा घालून उंच केली असावी, कारण आज टोपी दिसत होती, आणि टोपीपर्यंत गेलेला हातही. तो हात बराच वेळ तिथंच होता. म्हातारा एकटा होता. नोर्बर्टने बोट वळण घेईपर्यंत वाट पाहिली, पण टेबलक्लॉथ हलला नाही. क्लासेनबाई खिडकीत आल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही.